नोव्हेंबरात विस्कॉन्सिनला पारधीला जायचंय – माजावरच्या नराला गाठतात कसं?

दहिवडीचा_प्रवीण

राम राम मंडळी.

आमचा धाकटा भाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात आहे, एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. त्याच्याबरोबर काम करणारा एक जण शेतकरी घरातला आहे. वडिलांची शे-सव्वाशे एकर डोंगराळ जमीन, खाली मका, वर ओकचं रान. त्यानं भावाला या नोव्हेंबरात व्हाइटटेलच्या शिकारीला बोलावलंय. पांढऱ्या शेपटीचं हरीण, बिथरलं की शेपूट वर करून पळतं ते. मी आईला घेऊन नेमका त्याच सुमारास तिकडं चाललोय, त्यामुळं भाऊ म्हणतो तू पण बसायला चल.

मी हत्यार उचलणार नाही, पण नुसतं माहिती नसताना थंडीत बसायचं म्हणजे डोक्याला ताप. यूट्यूब बघून तर गोंधळच झाला. एक जण शिंगं एकमेकांवर आपटतोय, दुसरा बाटलीतलं हरणाचं मूत झाडाला लावतोय, तिसरा पंचांग बघून चंद्राचं सांगतोय. माझ्या आजोबांच्या तोंडून माणातल्या रानडुकराच्या हाक्याच्या, म्हणजे आरडाओरडा करून जनावर हुसकायच्या, गोष्टी ऐकल्यात, त्यापलीकडं आपलं ज्ञान शून्य.

तर विचारायचं असं की हे लोक नेमकं करतात काय? हाका घालतात का मचाण बांधतात? नोव्हेंबरच का? आणि भाऊ क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा चाप ओढून बाण सोडायचं आडवं धनुष्य, घ्यायचं म्हणतोय, बंदूक नको म्हणतो, ते बरोबर आहे का?

---

मेणवलीचा_म्हातारा

प्रवीण, बरं झालं इथं विचारलंस. मी वाईजवळ मेणवलीला असतो. निवृत्त होऊन परत आलो, त्याआधी उभी नोकरी विस्कॉन्सिनच्या एका फौंड्रीत. तू सांगतोस तसली जमीन त्या राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात असते. हिमयुगात आजूबाजूचा मुलूख बर्फाच्या थराखाली रगडला गेला, हा पट्टा तेवढा सुटला. म्हणून तिथं सोंडा, घळी, खिंडी सगळं आपल्यासारखं आहे. जावळीतल्या माणसाला ते रान वाचायला अवघड जात नाही.

आधी कागद, मग पारध. भावाला सांग, एच-वन-बीवरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं एरवी बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असला तरच त्याला अपवाद आहे. म्हणजे परवाना खिशात येईपर्यंत मित्राची रायफल हातात घेऊन फोटोसुद्धा काढायचा नाही. क्रॉसबोला ती भानगड नाही, पण शिकारीचा परवाना त्यालाही लागतोच. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला विस्कॉन्सिनमध्ये सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो. तो झाला नसेल तर अनुभवी माणसाबरोबर, हाताच्या अंतरावर बसून शिकार करायची सोय आहे, पण कोर्स केलेला बरा. नियम दरवर्षी थोडे इकडं-तिकडं होतात, तेव्हा राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याची चालू वर्षाची पुस्तिका वाचूनच पुढं जा.

आता नोव्हेंबर का, ते. तिकडं दिवस झपाट्यानं लहान होत जातो, आणि उजेड कमी झाला की माद्या माजावर यायला लागतात. थंडी पडली का, पाऊस झाला का, याच्याशी त्याचा संबंध नाही. चंद्राशीही नाही. चंद्रावाल्यांचं ऐकून पैसे घालवू नकोस. पोटात पाडस राहतं साधारण २०० दिवस. नोव्हेंबरच्या मध्यावर फळलेली मादी मेअखेर-जूनमध्ये विते, तेव्हा तिकडं हिरवं गवत गुडघ्याला लागलेलं असतं. लवकर व्यायली तर थंडीनं पाडस मरतं, उशिरा व्यायली तर पुढच्या बर्फापर्यंत ते अंग धरत नाही. म्हणून सगळा खेळ दोन-तीन आठवड्यांत उरकतो.

एक मादी माजावर राहते जेमतेम एक-दोन दिवस. ही गोष्ट पक्की डोक्यात ठेव, कारण नराचं त्या काळातलं सगळं वागणं यातून येतं. एरवी तो महाबेरकी. दिवसा झाडीत बसून राहील, अंधार पडल्यावर मक्यात उतरेल. वर्षभर त्या जमिनीत वावरून मालकालाही तो दिसत नाही. नोव्हेंबरात मात्र त्याला खायची शुद्ध राहत नाही, महिन्याभरात पाचवा हिस्सा वजन उतरतं. भर दुपारी बारा वाजता उघड्या बांधावरून नाक जमिनीला लावून जाताना दिसतो.

या काळाचे टप्पे पडतात आणि प्रत्येकात वागायची रीत वेगळी. ऑक्टोबरच्या शेवटाला तो खुणा करत फिरतो. झाडाच्या कोवळ्या खोडावर शिंगं घासून साल काढलेली दिसते. आणि जमिनीवर उकरलेली जागा. ही भावाला नीट दाखव. परातीएवढा मातीचा तुकडा, पाचोळा खुरानं मागं फेकलेला, मधोमध एखादा खुराचा ठसा, आणि डोक्याच्या उंचीवर एक खाली आलेली फांदी, जिचं टोक चावून चघळून मोडलेलं. फांदीला तो कपाळ आणि डोळ्याखालच्या ग्रंथी घासतो. मागच्या पायांच्या आतल्या बाजूला केसांचे पुंजके असतात, त्यांच्यावरून मूत सोडतो ते त्या उकरलेल्या मातीत. उग्र वास, वाकलं की नाकात बसतो. नवा माणूस अशी जागा सापडली की हरखतो आणि तिथंच मचाण बांधतो. पण तिथं तो बहुतेक वेळा रात्री येतो. खूण कशासाठी वापरायची, तर नर या बाजूला फिरतोय एवढं कळण्यासाठी.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शोध सुरू होतो, मग पाठलाग. तेव्हा बसायचं. मध्यावर, बारा-पंधरा तारखेच्या पुढं, अचानक रान सुनं पडतं. लोक म्हणतात माज संपला. संपलेला नसतो. नर मादीला घेऊन कुठल्यातरी आडोशाला थांबलेला असतो, ती सोडेपर्यंत हलत नाही. मग पुन्हा बाहेर पडतो, पुढची शोधायला. न फळलेली मादी साधारण चार आठवड्यांनी परत माजावर येते, म्हणून डिसेंबरातही थोडी धामधूम होते.

आता क्रॉसबोचं. भावाचं बरोबर आहे, आणि कारण नुसतं बंदुकीच्या भीतीचं नाही. विस्कॉन्सिनात बंदुकीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होतो. म्हणजे १७ ते २३ नोव्हेंबरच्या दरम्यान. ऐन पाठलागाचे दिवस तोवर सरलेले असतात. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून चालू असतो, आणि २०१४ पासून क्रॉसबोही सगळ्यांना खुला आहे. शिवाय बंदुकीच्या पहिल्या दिवशी पाच-साडेपाच लाख परवानेवाले राज्यभर रानात असतात. पहाटे उजाडताच चहूकडून बार ऐकू येतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं त्या गर्दीत कशाला पडायचं?

बाकीचं उद्या लिहितो. डोळे दुखायला लागले.

---

अंजली_सांगली

माफ करा, पण मला हे वाचून कसंतरी झालं. ज्या प्राण्याला आपण कायद्यानं जपतो, त्याच जातीच्या प्राण्याला तो प्रणयाच्या धुंदीत असताना मारायचं, आणि त्याच्या युक्त्या इथं मराठीत शिकवायच्या? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडं हे थांबलं ते चांगलंच झालं ना?

---

मेणवलीचा_म्हातारा

अंजलीताई, आपल्याकडं बंदी आहे ते योग्यच आहे. माझ्यासमोर कुणी जावळीत सांबराची गोष्ट काढली तर मीच वनखात्याला फोन लावीन. इथं सांबर, भेकर मोजके, आणि त्यांच्यावर जगणारा बिबट्या, कोळसून (रानकुत्रा) शिल्लक आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाला, तिथं वाघाला आधी खायला पाहिजे.

तिकडची गोष्ट उलटी आहे. १९०० च्या सुमारास अमेरिकेतही हे हरीण संपत आलं होतं, बाजारात मांस विकण्यासाठी वाट्टेल तशी कत्तल झाली होती. काही लाखांवर आलं होतं. मग विक्री बंद झाली, हंगाम ठरले. १९३७ च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला राज्यांकडं वळवला. आज तिथं तीन कोटींच्या घरात ही हरणं आहेत. लांडगे बहुतेक मुलखातून गेलेत. हरणांनी रोपं खाऊन नवं रान उगवू द्यायचं नाही आणि रस्त्यावर गाड्यांना धडकायचं, हे रोजचं. धुंदीतल्या प्राण्याला मारणं तुम्हाला खटकतं, ते मी समजू शकतो. मला स्वतःला शिंगांचा हव्यास खटकतो. मादी मारून फ्रीझर भरणारा म्हातारा शेतकरी मला भिंतीवर डोकी टांगणाऱ्यापेक्षा जवळचा वाटतो. आणि संख्या आवरायची तर मादीच मारावी लागते, नर मारून काही होत नाही.

---

पप्या_देवराष्ट्रे

काका, लय भारी लिहिताय. मी सागरेश्वरच्या अगदी पायथ्याचा. धों. म. मोहित्यांनी उघड्या माळावर झाडं लावून हे अभयारण्य उभं केलं, जनावरंही बाहेरून आणून सोडली. आता चितळ, सांबर कुंपणाबाहेर येऊन आमचा ऊस-शाळू खातात आणि आम्ही डबे वाजवत बसतो. गळून पडलेलं शिंग सापडलं तरी अभयारण्यातून उचलून आणायचं नाही, एवढं कडक.

एक विचारायचं होतं. आमच्याकडं चितळाच्या एकाच कळपात एका नराची शिंगं पक्की झालेली, दुसऱ्याच्या शिंगांवर अजून मखमल, तिसरा बोडका, असं बघतो. मग यांचा नोव्हेंबर कुठला?

---

मेणवलीचा_म्हातारा

पप्या, चांगलं निरीक्षण. चितळाचा प्रत्येक नर आपापल्या घड्याळावर चालतो. कारण आपल्याकडं दिवसाची लांबी वर्षभरात दोन तासांच्या आसपासच बदलते, आणि कुठल्याही महिन्यात जन्मलेलं पाडस जगू शकतं. थोडाफार जोर उन्हाळ्याच्या तोंडाला असतो एवढंच. विस्कॉन्सिनला उन्हाळ्यात पंधरा तासांचा दिवस आणि हिवाळ्यात नऊ तासांचा. गंमत म्हणजे हेच पांढऱ्या शेपटीचं हरीण दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकालाही आहे, विषुववृत्ताजवळ, आणि तिथं तेही वर्षभर वितं.

प्रवीण, आता मुद्द्याचं.

नराच्या मागं लागायचं नाही. माद्या कुठं बसतात ते शोधायचं, नर आपोआप तिथं येतो. माद्या वर्षभर ठरलेल्या ठिकाणी असतात: सोंडेच्या टोकाला, माथ्यापासून थोडं खाली, जिथून खालची दरी दिसते आणि मागून वारं पाठीवर येतं. नर अशा एका सोंडेवरून दुसरीवर फिरत राहतो. तो माद्यांच्या मधून जात नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगानं, कडेकडेनं जातो, म्हणजे एका फेरीत नाकानंच सगळ्यांची हजेरी घेता येते. एक माजावर असली की वळला.

म्हणून बसायचं कुठं? दोन सोंडांच्या मधल्या खिंडीत. खोल घळीच्या डोक्यावर, जिथं घळ संपते आणि वळसा घालून पलीकडं जाता येतं. ओढ्याला जिथं उतार आहे तिथं. मक्याचं शेत आणि रान यांच्यामध्ये झाडीची अरुंद पट्टी असते, त्या पट्टीत. जनावरालाही चढ-उतार नको असतो, माणसासारखंच. मालकाला विचार, गाई पूर्वी डोंगर कुठून ओलांडायच्या. बहुतेक वेळा तीच जागा निघते.

हाका घालतात, बंदुकीच्या हंगामात, शेवटच्या दिवसांत. क्रॉसबोला काही उपयोग नाही, पळत्या जनावरावर बाण सोडायचा नसतो.

वारं. यावर मी सगळ्यांत जास्त बोलेन, कारण शंभरातले नव्वद इथंच गळतात. तुझ्या फोनमध्ये दिसेल वायव्येचं वारं, ताशी दहा मैल. ते माथ्यावर. घळीत वेगळंच चालतं. आमच्या मेणवलीत संध्याकाळी चुलीचा धूर जसा उताराला लागून कृष्णेकडं घरंगळतो, तसा सूर्य कलला की माणसाचा वास दरीत उतरतो. सकाळी ऊन लागलं की तोच वर चढतो. म्हणजे सकाळी वरच्या अंगाला बसलास तर खालून चढणारी हवा तुझ्याकडं येते, जनावराला तुझा पत्ता नाही. संध्याकाळी त्याच मचाणावर बसलास तर तुझा वास दरीत सोडून दिल्यासारखं. जागा सकाळ-संध्याकाळ वेगळी पाहिजे.

हे डोळ्यांनी बघायचं तर तिकडं मिल्कवीड म्हणून झुडूप आहे, आपल्या रुईच्या गणगोतातलं. त्याच्या बोंडातल्या म्हाताऱ्या खिशात ठेवायच्या. मचाणावरून एक सोडायची आणि बघत राहायचं. वीस हात सरळ जाते, मग एकदम वळते, खाली बुडते, घळीच्या तोंडाशी गोल फिरते. पावडरची पिचकारी मिळते बाजारात, पण ती चार हातांवर विरते, पुढं काय झालं ते कळत नाही. म्हातारी ज्या वाटेनं गेली त्या वाटेनं तुझा वास गेला. त्या वाटेवर जनावराची चाल असेल तर उठून दुसरीकडं जा, कितीही चांगली जागा असली तरी. वास मारणारे साबण, फवारे यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. लसणाची फोडणी घातलेलं कालवण आदल्या रात्री खाऊ नकोस, एवढं पुष्कळ.

दिवसभर बसायचं. इतर महिन्यांत पहाट आणि तिन्हीसांज. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दहा ते दोन ही वेळ सोडायची नाही. त्या वेळेला बाकीचे लोक जेवायला खाली उतरतात आणि नर फिरायला निघतो. थर्मासमध्ये चहा, भाकरी-चटणी, आणि बाटली. बाटली कशाला ते मचाणावर कळेल.

शिंगं आपटणं, आवाज काढणं. यात तथ्य आहे, पण यूट्यूबवर दाखवतात तेवढं नाही. शिंगं वाजवायची ती पाठलागाच्या आधीच्या दिवसांत, नराला भांडायची खुमखुमी असते तेव्हा. माद्या भरपूर आणि नर कमी अशा रानात कुणी फिरकत नाही, भांडायची गरजच नसते. घोगरा हुंकार काढायची नळी मिळते, ती जवळ ठेवायची. लांबून जाणाऱ्या नराला एक-दोन हुंकार द्यायचे. वळून बघितलं की गप्प. तो येतो तेव्हा गोल फेरी मारून वाऱ्याच्या खालून येतो, म्हणून त्या बाजूला घळ किंवा पाणी असलेलं बरं, म्हणजे त्याला तिकडून फिरता येत नाही. बाटलीतलं मूत विसर. काही ठिकाणी त्यावर बंदीही आहे, रोगाच्या भीतीनं. मका टाकून आमिष दाखवायलाही रोग सापडलेल्या काउंट्यांमध्ये (तिकडच्या जिल्ह्यांत) मनाई आहे.

बाण. तीस यार्डांच्या पुढं नाही. जनावर आडवं उभं किंवा किंचित पलीकडं वळलेलं पाहिजे, पुढच्या पायाच्या मागं, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. समोरून तोंड करून आलं तर सोडून द्यायचं. चालत असलं तर तोंडानं हळूच ‘मॅऽ’ केलं की थबकतं. तेवढ्या दोन श्वासांत बाण गेला पाहिजे. मग खाली उतरायचं नाही. अर्धा तास बसून राहायचं. बाण बघायचा: गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, जनावर शंभर-दीडशे यार्डांत पडलेलं सापडतं. काळपट लाल म्हणजे यकृत, चार-सहा तास थांब. हिरवट, घाण वासाचं म्हणजे पोट. तेव्हा आठ-दहा तास, रात्र असली तर सकाळी. घाईनं मागं लागलास तर ते उठून मैलभर जातं आणि कुणालाच मिळत नाही.

मचाणावर चढताना-उतरतानासुद्धा अंगभर पट्टा अडकवलेला पाहिजे. तिथून पडणं हा तिकडचा नेहमीचा अपघात आहे. तू नुसता बसणार असलास तरी तुझा वेगळा पट्टा माग. आणि बंदुकीच्या हंगामात रानात पाय टाकणार असाल तर भडक केशरी जाकीट आणि टोपी. शिकार करणाराचे कमरेवरचे निम्मे तरी कपडे कायद्यानं तसे लागतातच, टोपी घातली तर तीही निम्मी तशी, २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. हरणाला तो केशरी आपल्यासारखा दिसत नाही. निळा मात्र चांगला दिसतो, तेव्हा जीन्स घालून जाऊ नकोस, आणि कपडे चकाकी आणणाऱ्या पावडरीत धुऊ नकोस.

---

दहिवडीचा_प्रवीण

काका, प्रिंट काढून भावाला फोटो पाठवला. तो म्हणतो मालकाला खिंडीचं विचारलं तर मालक हसला, म्हणाला तिथंच माझ्या बापाचं मचाण होतं.

शेवटचा प्रश्न आईचा आहे. मिळालंच तर शिजवायचं कसं? ती आत्तापासून कांदा-लसूण चटणीचा डबा बॅगेत भरायला लागलीय.

---

मेणवलीचा_म्हातारा

आईंना सांग, चटणी जरूर न्या. पण चरबी सगळी काढून टाका, हरणाची चरबी थंड झाली की टाळ्याला मेणासारखी चिकटते आणि वासही तिचाच येतो. मागच्या मांडीचं मांस रश्श्याला नको, कोरडं पडतं. ते पातळ कापून तव्यावर परतायचं. रस्सा पुढच्या पायाचा आणि मानेचा, मंद आचेवर, तेल नेहमीपेक्षा सढळ. माजातल्या थोराड नराचं मांस चिवट असतं. मालकानं एखादी मादी मारली असेल तर तिच्यातलं मागून घ्या, लाजू नका.

पण त्याआधी दोन कामं. जनावर हाती लागल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. आणि मानेतल्या गाठींचा नमुना तपासायला द्यायचा. २००२ पासून विस्कॉन्सिनच्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग आहे, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, आणि तुम्ही जाताय तो नैऋत्य भाग त्यातला मुख्य. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी रोगी निघालेलं मांस खाऊ नये असंच आरोग्यखातं सांगतं. शिजवून तो जात नाही, कुकरच्या कितीही शिट्ट्या करा. राज्याचं खातं तपासणी फुकट करतं. निकालाला थोडे दिवस लागतात, तोवर मांस नावाची चिठ्ठी लावून वेगळं फ्रीझरात ठेवायचं. तुमचं परतीचं तिकीट कधीचं आहे ते बघ, नाहीतर आईंचा डबा तिकडंच राहील.